पडताळणी पोहोचेपर्यंत

डीपफेकमध्ये संगणक एखाद्या व्यक्तीचा चेहरा किंवा आवाज नमुन्यांवरून शिकतो आणि न केलेली कृती, न उच्चारलेले शब्द तिच्या नावावर चढवतो. आवाजाची नक्कल विशेष सोपी झाली आहे. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने मांडलेल्या वॅल-ई या प्रारूपाला तीन सेकंदांचा नमुना पुरत होता. नुसत्या ध्वनिफितीत ओठ दिसत नाहीत, पापण्या दिसत नाहीत. उरलेसुरले दोष फोनच्या खरखरीत बुडून जातात.

अफवेने माणसे मारायला मात्र एवढे तंत्र कधीच लागले नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारले. भिक्षा मागत फिरणारी ती गरीब माणसे होती. त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतल्या जनजागृतीसाठी बनलेली होती: मोटरसायकलवरचे दोघे मूल उचलतात, लगेच परत आणून सोडतात आणि सावध करणारा फलक उलगडतात. फलकाचा भाग कापला, की तीच फीत अपहरणाचा पुरावा ठरली. त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. उपाय अपुरा होता, पण योग्य जागी होता. मजकूर खरा की खोटा यात न शिरता तो त्याचा वेग तोडत होता.

कारण घात होतो तो पडताळणी पोहोचेपर्यंतच्या तासांत. स्त्रियांना त्याची झळ सर्वाधिक बसते. २०१९ मध्ये डीपट्रेस या कंपनीने मोजलेल्या डीपफेक चित्रफितींपैकी ९६ टक्के संमतीवाचून बनवलेल्या अश्लील फिती होत्या. भारतात २०२१ च्या नियमांनी अशी फीत तक्रारीनंतर हटवायला चोवीस तास दिले. तेवढ्यात ती कॉलेजच्या आणि नातेवाइकांच्या गटांत फिरून आलेली असते.

निवडणुकीत हे तास मुद्दाम निवडता येतात. स्लोव्हाकियात ३० सप्टेंबर २०२३ च्या मतदानाच्या तोंडावर, प्रचारबंदीच्या काळात, पक्षनेते मिखाल शिमेच्का यांच्या आवाजात मतखरेदीची बनावट फीत पसरली. निकाल तिच्यामुळेच फिरला असे म्हणता येत नाही. उत्तर देण्याची वाट मात्र अरुंद झाली. महाराष्ट्रात १९ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री, मतदान काही तासांवर असताना, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या नावाने बिटकॉइन व्यवहाराच्या ध्वनिफिती बाहेर आल्या. दोघांनी त्या नाकारल्या. दुसऱ्या दिवशी सुळे यांचे चुलत भाऊ अजित पवार यांनी आवाज ओळखीचा असल्याचे सांगितले, तर तथ्यपडताळणी करणाऱ्यांना काही फिती कृत्रिम असण्याची शक्यता दिसली. घरच्या माणसाने आवाज ओळखणे ही एरवी भक्कम साक्ष. इथे तिनेही वाद मिटला नाही.

याची उलटी बाजू अधिक चिंतेची आहे. खोटे सहज बनते हे सर्वांना ठाऊक झाले, की खऱ्या फितीलाही ‘एआयने बनवली’ म्हणून झटकता येते. सत्ताधाऱ्याजवळ वकील असतात, प्रवक्ते असतात. सात-बाऱ्याच्या नोंदीसाठी पैसे मागणाऱ्याचे बोलणे फोनवर टिपणाऱ्या शेतकऱ्याजवळ ती फीतच असते. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग पंचांसमक्ष ध्वनिमुद्रण करून घेतो. तसे साक्षीदार सामान्य माणसाला कुठून मिळणार? भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, नोंदवावे लागते. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली प्रत तिथे लंगडी पडते. म्हणून मूळ फाइल ज्या फोनवर टिपली त्याच फोनमध्ये, न कापता, न पुसता ठेवणे भाग आहे.