पाचारण आणि त्याची पारख

ईश्वराने आपल्याला वेदीच्या सेवेसाठी बोलाविले आहे, अशी प्रतीती एखाद्याच्या अंतःकरणात उपजली, एवढ्याने तो धर्मसेवक ठरत नाही व ठरू नये, हे अँग्लिकन मंडळीचे धोरण मला मोठे शहाणपणाचे वाटते. पाचारण ज्याला झाले तोच त्याचा एकमेव साक्षीदार असतो. आणि आपल्याच दाव्यात आपणच साक्षीदार व आपणच न्यायाधीश होणे व्यवहारात जसे अमान्य, तसेच ते परमार्थातही अमान्य असले पाहिजे.

१६६२ च्या प्रार्थनापुस्तकातील दीक्षाविधीत ही दृष्टी स्पष्ट दिसते. आर्चडीकन उमेदवाराला बिशपपुढे उभे करतो. याची विद्या व वर्तन या सेवेस योग्य आहेत याची खबरदारी घे, असे बिशप त्याला बजावतो. आपण चौकशी व परीक्षा केली आहे असे उत्तर मिळाल्यावरही तो थांबतो, आणि जमलेल्या सामान्य लोकांकडे वळून, कोणास काही हरकत ठाऊक असल्यास त्याने देवाच्या नावाने पुढे येऊन ती सांगावी, असे आवाहन करतो. पवित्र आत्म्याने तुला आतून प्रेरित केले आहे, असा तुझा भरवसा आहे काय, हा प्रश्न डीकन होणाऱ्याला त्यानंतरच विचारला जातो. पुढे रास्त कारण नसेल तर पूर्ण एक वर्ष डीकन म्हणून सेवा केल्यावाचून प्रिस्टपदासाठी हस्तारोपण होत नाही. अंतःप्रेरणेला येथे मान आहे. पण तिला एकटीला सनद नाही.

हा विलंब पाचारणाचाच भाग कसा होतो, हे नीळकंठशास्त्री गोरे यांच्या चरित्रावरून समजते. काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने ऐन तारुण्यात, जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षे’ला उत्तर म्हणून, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. आणि ज्या धर्माचे खंडन करण्यास ते निघाले होते, त्याच धर्माचा बाप्तिस्मा त्यांनी १८४८ साली जौनपूर येथे घेऊन नेहेम्या हे नाव धारण केले. विद्वत्तेत त्यांची बरोबरी करणारे थोडे. तरीही ते डीकन झाले १८६८ साली आणि प्रिस्ट १८७० साली. संशयाने जन्मभर त्यांचा पिच्छा पुरविला. पण पंडिता रमाबाईंसारख्या प्रखर बुद्धीच्या स्त्रीला ज्यांच्या विवेचनाने श्रद्धेची वाट दिसली, ते हेच संशयग्रस्त गोरे होते. शंका ज्याने स्वतः भोगली आहे, त्याच्याच शब्दाला शंकिताच्या कानी वजन असते. म्हणून संशय हा पाचारणाच्या अभावाचा दाखला मानणे मला सर्वस्वी चुकीचे वाटते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: पारख करणारी मंडळीच अंध असेल तर? महायुद्धामुळे मकाव येथे प्रिस्ट पोहोचू शकत नव्हता, तेव्हा तेथील मंडळी सांभाळणाऱ्या फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांना हाँगकाँगचे बिशप हॉल यांनी २५ जानेवारी १९४४ रोजी दीक्षा दिली. अँग्लिकन परंपरेत प्रिस्ट झालेल्या त्या पहिल्या स्त्री. युद्ध संपताच गहजब झाला. १९४६ साली त्यांनी प्रिस्ट म्हणून सेवा करण्याचा परवाना सोडला, दीक्षा मात्र सोडली नाही. हाँगकाँगमध्ये आणखी दोन स्त्रियांना प्रिस्टपद मिळण्यास १९७१ साल उजाडावे लागले. तोवरच्या काळात दोष त्यांच्या पाचारणात नव्हता, परीक्षकांच्या दृष्टीत होता.

तथापि यावरून परीक्षाच मोडीत काढावी, असे निष्पन्न होत नाही. परीक्षा नसेल तर वाक्पटू व महत्त्वाकांक्षी माणसे पुढे सरसावतील आणि गोऱ्यांसारखा भिडस्त मनुष्य मागेच राहील. निष्पन्न होते ते इतकेच, की उमेदवाराकडून आपण जी नम्रता मागतो ती परीक्षकानेही अंगी बाणविली पाहिजे. कारण एखाद्याला नकार देताना मंडळी केवळ त्याचा अर्ज निकालात काढीत नसते, तर ईश्वराचा मनोदय आपल्याला कितपत कळतो, याचीही ती कसोटी देत असते, आणि त्या कसोटीचा निकाल तिच्या हाती नसतो.