माशीचें सत्र

एखाद्या प्राणिजातीचा पृथ्वीवरून समूळ उच्छेद करण्याचा अधिकार मनुष्यास आहे काय, हा प्रश्न बहुधा वाघसिंहांच्या निमित्तानें विचारला जातो. रुबाबदार प्राण्यांविषयीं कळवळा येणें सोपें असतें. प्रश्नाची खरी परीक्षा पाहावयाची असेल, तर जिच्याविषयीं कोणाच्याहि मनांत माया उपजणार नाहीं अशी जात घ्यावी. म्हणून आम्ही आफ्रिकेंतील त्सेत्से माशी घेतों.

सहाराच्या दक्षिणेस ही माशी राहते. नर व मादी दोघेंहि केवळ रक्तावर जगतात, आणि रक्त शोषतांना ट्रिपॅनोसोम नांवाचे सूक्ष्म परजीवी एकाच्या अंगांतून दुसऱ्याच्या अंगांत सोडतात. त्यांच्यामुळें माणसांस निद्रारोग होतो व गुरांस ‘नगाना’ होतो. १८९५ सालीं डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरानें झुलुलँडमध्यें नगानाचा व या माशीचा संबंध दाखवून दिला. पुढें थोड्याच वर्षांत युगांडामध्यें व्हिक्टोरिया सरोवराच्या कांठीं निद्रारोगाची जी सांथ आली, तींत सुमारें अडीच लाख माणसें दगावलीं. रोगी प्रथम तापानें पोळतो. परजीवी मेंदूंत शिरले म्हणजे त्यास दिवसा झोंप आवरत नाहीं आणि रात्रीं ती येत नाहीं, स्वभाव पालटतो, आणि उपचार न झाल्यास बहुधा मरण येतें. आरोप भक्कम आहे, यांत शंका नाहीं.

आतां आरोपीची घरगुती हकीकत ऐकावी. कीटक म्हटला कीं शेंकडों अंडीं घालून निघून जाणारी बेपर्वा आई आपल्या डोळ्यांसमोर येते. त्सेत्सेची रीत निराळी. ती एका वेळीं एकच अंडें धारण करते. तें पोटांतच फुटतें आणि अळी गर्भाशयांत राहून आईचें दूध पिते. दूध हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरीत नाहीं. त्यासाठीं तिच्या शरीरांत स्वतंत्र ग्रंथि आहे, आणि त्या दुधांत स्निग्ध पदार्थ व प्रथिनें असतात. सुमारें नऊ-दहा दिवसांच्या अंतरानें आईच्याच वजनाइतकी एकेक अळी जन्मास येते, तत्काळ मातींत शिरते, कोश करते, आणि महिन्याभरानें माशी होऊन बाहेर पडते. सगळ्या आयुष्यांत एका मादीस आठ-दहा अपत्यें होतात. आणखी एक नवल असें कीं, रक्तांत कमी पडणारीं ब जीवनसत्त्वें पुरविणारा एक जीवाणु हिच्या पोटांत वस्तीस असतो, आणि तो आईच्या दुधांतूनच लेकरास मिळतो. तो नसेल तर मादी वांझ राहते. २०१४ सालीं हिच्या एका जातीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हां दुधाच्या प्रथिनांसाठीं राखलेलीं बारा जनुकें त्यांत मिळालीं.

हें वात्सल्यच तिचें मर्मस्थान ठरलें. इतकी थोडी संतति ज्या जातीस होते, तिच्यांत मृत्यूचें प्रमाण किंचित् वाढलें तरी ती ओसरूं लागते. मादीचा समागमहि बहुधा एकदांच होतो. तेव्हां किरणांच्या माऱ्यानें वंध्य केलेले नर रानांत सोडले कीं त्यांच्याशीं जुळलेल्या माद्यांचा वंश तेथेंच खुंटतो. झांझिबारच्या उंगुजा बेटावर १९९४ पासून विमानांतून असे ऐंशीं लाखांहून अधिक नर सोडण्यांत आले. १९९६ सालीं शेवटची रानमाशी सांपडली. पुढें तेथें दूध वाढलें व नांगरास बैल अधिक जुंपले जाऊं लागले. याच्या शेजारीं दक्षिण ऱ्होडेशियाचा जुना मार्ग ठेवावा : माशीस रक्त मिळूं नये म्हणून तेथें लक्षावधि वन्य पशु गोळ्या घालून मारले गेले. त्या मानानें वंध्य नरांची युक्ति सात्त्विकच म्हटली पाहिजे. माशी कोणी चिरडली नाहीं. तिला फक्त मुलें होऊं दिलीं नाहींत. तथापि शेवट एकच.

आमच्या वाचकांस येथें जनमेजयाचें सर्पसत्र आठवल्याशिवाय राहणार नाहीं. एका तक्षकाच्या अपराधासाठीं त्या राजानें सगळी सर्पजात अग्नींत लोटली, आणि आस्तिकानें तें सत्र थांबविलें. पण आस्तिकाची आई वासुकीची बहीण होती. सर्पांच्या बाजूनें बोलणारा त्यांच्याच नात्याचा होता. त्सेत्सेचा आस्तिक कोण? जो तो म्हणेल, मरूं द्या. आणि ज्यांच्या गोठ्यांतील एकहि जनावर हिनें मारलेलें नाहीं अशा आमच्यासारख्यांनीं दुरून भूतदया सांगावी, हें शोभत नाहीं. पोळ्यास बैलाच्या पायांवर पाणी घालणारा आमचा शेतकरी त्या मुलखांत असता, तर त्यानें आम्हांस सरळ घरचा रस्ता दाखविला असता.

एवढें मान्य करूनहि आम्हांस हद्दपारी आणि निर्वंश यांत भेद दिसतो. शेतांतून, गोठ्यांतून, एखाद्या बेटावरून माशी घालविणें हा तेथल्या लोकांचा हक्क आहे, आणि तो बजावण्यास त्यांनीं कोणाची परवानगी मागूं नये. २००० सालीं आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनीं तिच्या निर्मूलनाचा संकल्प केला, त्यामागील दुःख खरें आहे. परंतु शेवटच्या रानांतली शेवटची मादीहि संपवावयाची, तर ‘दुसरा उपाय नाहीं’ असें छातीवर हात ठेवून म्हणतां आलें पाहिजे. तसें म्हणतां येत नाहीं. १९९८ सालीं निद्रारोगाचे जवळजवळ चाळीस हजार रोगी नोंदले गेले होते. २०१८ पासून ही संख्या वर्षास हजाराच्या आंत आहे. आणि ही उतार पडली ती मुख्यतः गांवोगांव रोगी हुडकून, औषध देऊन, आणि नदीकांठीं निळ्या कापडाचे सापळे लावून. माशीच्या बहुतेक जाती अजून जिवंत आहेत.

शिवाय खरा तक्षक माशी नव्हे, परजीवी आहे, आणि तो वाहन बदलण्यांत पटाईत आहे. आपल्याकडे घोड्यांस व उंटांस होणारा ‘सर्रा’ त्याच्याच एका भाऊबंदाचा. त्यानें त्सेत्सेचा आधार केव्हांच सोडला असून, साध्या गोमाशीच्या सोंडेवर बसून तो आशियाभर फिरतो. माणसाच्या रक्तांतील एक प्रथिन या जातीस मारतें, म्हणून आपण निर्धास्त असतों. पण २००४ सालीं विदर्भांतील एका शेतकऱ्याच्या रक्तांत हा परजीवी सांपडला. तपासांत आढळलें कीं, त्या प्रथिनाचें जनुक आई व बाप या दोन्ही बाजूंनीं त्याच्याकडे बिघडलेलेंच आलें होतें. औषधानें तो बरा झाला. तेथें मारण्यास त्सेत्से माशी नव्हतीच.