काटकसर कोणासाठी?

मध्यम बँडना दौरे परवडेनासे झाले आहेत, ही तक्रार आता जुनी झाली. २०२२ मध्ये गायिका सँटिगोल्डने उत्तर अमेरिकेतला दौरा रद्द केला, त्याच सुमारास अ‍ॅनिमल कलेक्टिव्ह या बँडने युरोपातला. खर्चाची तोंडमिळवणी होईना. पुढच्या वर्षी लाइव्ह नेशन या बलाढ्य कंपनीने आपल्या क्लबांमध्ये वाजवणाऱ्या बँडना दर कार्यक्रमामागे १५०० डॉलर प्रवासखर्च देऊ केला आणि टी-शर्टच्या विक्रीतला वाटा सोडला. या चर्चेत एक दाखला हटकून येतो, तो १९८०च्या दशकातल्या अमेरिकन हार्डकोअर बँडचा. एका व्हॅनमध्ये अ‍ॅम्प, ड्रम आणि पाच-सात पोरं. रात्र कोणाच्या तरी घरातल्या फरशीवर. जेवण मिळालं तर मिळालं. दाखला देणारा लगेच पुढे म्हणतो, हेच खरे पहिले स्टार्टअपवाले. भांडवल नाही, वशिला नाही, तरी हिमतीवर बाजारपेठ उभी केली.

हे मत उथळ आहे. पण ते इतकं सर्वमान्य झालं आहे की एका वाक्यात झटकून भागणार नाही. बाकीच्या मतांसाठी मी थांबणार नाही. ‘आजची पोरं नाजूक’ म्हणणाऱ्यांनी आजची घरभाडी पाहावीत. ‘ती नुसती तारुण्यातली भटकंती’ म्हणणाऱ्यांनी सांगावं, की भटकायचंच होतं तर एवढाले अ‍ॅम्प कशाला वाहिले? स्टार्टअपच्या मताचं तसं नाही. ते कौतुकाच्या भाषेत बोलतं आणि कौतुक करता करताच मूळ गोष्ट पुसून टाकतं.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. हार्डकोअर म्हणजे पंकच, पण आणखी वेगवान, आणखी ओबडधोबड. गाणी दीड-दोन मिनिटांची. लॉस एंजेलिसजवळच्या हर्मोसा बीचचा ब्लॅक फ्लॅग, वॉशिंग्टनचे बॅड ब्रेन्स आणि मायनर थ्रेट, कॅनडातल्या व्हँकुव्हरचा डीओए ही ठळक नावं. रेडिओला हे संगीत नको होतं, मोठ्या लेबलांनाही नको होतं. क्लबांची कमाई दारूवर, आणि श्रोते बहुतेक शाळकरी वयाचे, त्यामुळे क्लबांचाही उत्साह बेताचाच. १९८० मध्ये वॉशिंग्टनचा टीन आयडल्स हा बँड सॅन फ्रान्सिस्कोला वाजवायला गेला, तेव्हा तिथल्या क्लबने पोरांच्या हातांवर काळी फुली मारून त्यांना आत घेतलं. फुली दिसली की दारू द्यायची नाही. ही युक्ती ते आपल्या गावी घेऊन आले. जिथे तीही चालेना तिथे चर्चचे हॉल, माजी सैनिकांच्या संघटनांचे हॉल, घरांची तळघरं शोधली गेली. लहान पोरांना आत घ्यायचं म्हणजे दारूच्या गल्ल्यावर पाणी सोडायचं, आणि गल्ला नाही म्हणजे खर्च कमी ठेवायचा. या सगळ्या बँडची फरशीवरची झोप इथून सुरू होते. पुढचं सगळं समजून घ्यायला हा क्रम लक्षात ठेवावा लागतो.

व्हॅनमधला दिवस कसा जायचा? वाजवणं जेमतेम तासाभराचं. बाकी सगळा वेळ गाडी चालवण्यात, वाट पाहण्यात आणि ओझी उचलण्यात. दुपारी गाव गाठायचं, हॉल शोधायचा, सामान उतरवायचं, मग तासन् तास ताटकळायचं. वाजवून झालं की घामेजलेल्या कपड्यांनीच तारा गुंडाळायच्या, अ‍ॅम्प पुन्हा व्हॅनमध्ये रचायचे. ते असे रचायचे की त्यांच्यावर आडवं होता येईल. कोणीतरी प्रमोटरबरोबर कोपऱ्यात उभं राहून नोटा मोजायच्या. मग कोणाच्या घरी झोपायला मिळतं का ते बघायचं. मिळालं तरी एखाद्याने सामानाची राखण करायला गाडीतच झोपायचं. १९८१ मध्ये आइस्क्रीमच्या दुकानातली नोकरी सोडून ब्लॅक फ्लॅगमध्ये गायला गेलेल्या हेन्‍री रॉलिन्सने या दिवसांच्या रोजनिशीचं ‘गेट इन द व्हॅन’ हे पुस्तक १९९४ मध्ये काढलं. त्यात भूक आहे, पोलीस आहेत, अंगावर थुंकणारे आणि सिगारेटचे चटके देणारे श्रोते आहेत. त्याच्या ध्वनिमुद्रित वाचनाला ग्रॅमी मिळालं. हालांना बाजारात भाव येतो, तो असा.

स्टार्टअपवाल्या मताचं सगळं बळ या हालांत आहे. आधी सोसलं म्हणून नंतर मिळालं, अशी त्याची मांडणी. आपल्याकडे नटांच्या आणि उद्योजकांच्या मुलाखती याच साच्यातून निघतात, म्हणून आपल्याला ती लगेच पटते. पण या हिशेबात डी. बूनला कुठे बसवायचं? सॅन पेद्रोच्या मिनिटमेन या बँडचा हा गिटारवादक. २२ डिसेंबर १९८५ रोजी अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातून व्हॅन जात होती, तो तापाने फणफणून मागे झोपला होता. गाडी उलटली, तो बाहेर फेकला गेला आणि जागीच गेला. वय २७. सोसण्याचं फळ मिळतं असं म्हणणाऱ्याने या मृत्यूचंही काही म्हणायला हवं. तो म्हणत नाही, कारण त्याच्या गोष्टीत फक्त पोहोचलेले लोक येतात.

पण ही बाजू भावनेची झाली. व्यवहाराच्या बाजूनेही ते मत टिकत नाही, आणि मला त्यातच जास्त रस आहे.

धंद्यात सर्वांत जपून ठेवायची गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकांची यादी. या लोकांनी तीच वाटून टाकली. कोणत्या गावात कोण हॉल मिळवून देतं, कोणाचा फोन लागतो, कोण पैसे बुडवतं, ही माहिती ब्लॅक फ्लॅग आणि डीओए एकमेकांना देत असत. एकाने रस्ता पाडायचा, दुसऱ्याने त्याच रस्त्याने जायचं. पुढे मॅक्सिमम रॉकनरोल या सॅन फ्रान्सिस्कोच्या फॅन्झिनने १९९२पासून अशा पत्त्यांची निर्देशिकाच छापायला घेतली: राज्यवार हॉल, प्रमोटर, बँड, झोपायला जागा देणारी घरं. थोड्याशा पैशांत ती कोणालाही, अगदी स्पर्धकालाही मिळे. यावर उत्तर येतं, की यालाच आजकाल नेटवर्किंग म्हणतात. म्हणत असतील. पण नेटवर्किंगमध्ये माणूस आपली ओळख वाढवतो. इथे माणसं आपली ओळख दुसऱ्याच्या हवाली करून पुढच्या गावाला जात होती.

दुसरा मुद्दा वाढीचा. स्टार्टअप वाढीसाठी जन्मतं, वाढ थांबली की मरतं. फुगाझीचं उदाहरण घ्या. मायनर थ्रेटचा इयन मकाय याने १९८७च्या आसपास हा बँड उभा केला. तिकीट पाच डॉलर आणि प्रवेश सर्व वयांना, या अटी त्यांनी वर्षानुवर्षं जमेल तिथे सांभाळल्या. दौरे मकाय स्वतः फोनवर ठरवायचा. समजा, ५०० जण आले. गल्ला २५०० डॉलरचा. त्यातून हॉलचं भाडं, ध्वनियंत्रणा, दारावरची माणसं आणि आधी वाजवणारे बँड, सगळ्यांचं भागवायचं. हे जमायचं तर प्रवास स्वस्तच हवा, सोबत माणसं मोजकीच हवीत, एजंट आणि मॅनेजर नकोतच. नंतर त्यांचा श्रोतावर्ग हजारोंवर गेला आणि मोठ्या लेबलांचे निरोप आले. १९९३ मध्ये न्यूयॉर्कला अ‍ॅटलांटिक रेकॉर्ड्सचे अहमेट एर्टेगुन स्वतः त्यांना भेटायला आले होते. बँडने नकार दिला. वाढ दारात उभी होती आणि तिकीट पाचच डॉलर राहिलं.

‘पाच डॉलर हाच त्यांचा ब्रँड होता,’ हा यावरचा सर्वांत हुशार प्रतिवाद. तोही तपासून पाहू. ब्रँड म्हणजे जे छापून विकता येतं ते. दौऱ्यावरचे बँड पोट भरतात ते बऱ्याचदा टी-शर्टवर. म्हणून तर लाइव्ह नेशनने त्यातला वाटा सोडल्याची बातमी झाली. फुगाझीने टी-शर्ट विकलेच नाहीत. दुसऱ्याच कोणी ‘हा फुगाझीचा टी-शर्ट नाही’ अशा अर्थाचे टी-शर्ट काढून विकले, यातच काय ते आलं. आणखी एक प्रसंग त्यांच्या कार्यक्रमांत अनेकदा घडे. पुढच्या रांगांत कोणी धसमुसळेपणा करून इतरांना दुखवायला लागला की वाजवणं थांबायचं. त्याला समज दिली जायची. ऐकलं नाही तर पाच डॉलर असलेलं पाकीट हातात ठेवून त्याला दाराबाहेर पोहोचवलं जायचं. ही पाकिटं आधीच तयार असत. हे ब्रँडचं वागणं असेल तर ब्रँडची व्याख्या इतकी सैल आहे की तिच्यात काहीही मावेल.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. ब्लॅक फ्लॅगच्या ग्रेग गिनने इलेक्ट्रॉनिक साहित्याचा धंदा पोरवयातच सुरू केला होता. त्याचंच नाव, एसएसटी, पुढे त्याच्या लेबलला मिळालं. तो धंदेवाईक होता आणि त्यात वावगं काही नाही. ब्लॅक फ्लॅगचे हाल फुगाझीपेक्षा कितीतरी जास्त होते, हेही खरं. पण एसएसटीच्या काही बँडना रॉयल्टीसाठी आणि स्वतःच्या रेकॉर्डिंगच्या हक्कांसाठी नंतर भांडावं लागलं. सोनिक यूथ आणि मीट पपेट्स यांनी आपलं संगीत तिथून सोडवून घेतलं. म्हणजे स्टार्टअपचं मत थोडंफार खरं ठरतं ते एसएसटीच्या बाबतीत, आणि नेमकं तिथेच ते अभिमानाने सांगण्यासारखं उरत नाही.

माझा मुद्दा इथे येऊन ठेपतो. फरशीवर सगळेच झोपतात, पण त्या झोपेचे प्रकार दोन. एक हाल, दुसरी काटकसर. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात: तीच व्हॅन, तेच शिळं अन्न. फरक ओळखायला एकच प्रश्न पुरतो. वाचलेला डॉलर कुठे गेला आणि ते कोणी ठरवलं? ज्याने सोसलं त्यानेच ठरवलं असेल आणि वाचलेलं कोणाच्या तरी पदरात आज पडत असेल, तर ती काटकसर. हॉटेल टाळून वाचलेले पैसे त्याच रात्री दारातून आत येणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराच्या खिशात राहिले, कारण तिकीट पाच डॉलर होतं. ठरवणारा दुसराच असेल, किंवा फायदा उद्याच्या वायद्यावर टांगलेला असेल, तर ते हाल. त्यांना गुंतवणूक म्हटलं तरी ते हालच.

आपल्या तमाशाच्या फडात हे चांगलं कळतं. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला राहुट्या पडतात, गावोगावचे यात्रेवाले सुपाऱ्या ठरवतात, आणि पुढचे महिने फड ट्रकमधून हिंडतो. त्यातला कलावंत ट्रकमध्ये झोपतो तेव्हा तो काटकसर करत नसतो. आधीच घेतलेल्या उचलीने त्याला बांधलेलं असतं. त्याच्या झोपेला कोणी बाणेदारपणा म्हणत नाही. परदेशी व्हॅन दिसली की मात्र आपण लगेच म्हणतो.

ही फूटपट्टी हार्डकोअरवरही उगारायला हवी. पाहुण्या बँडसाठी सकाळी अंडी तळणाऱ्या कोणाच्या तरी आईचा खर्च पाच डॉलरच्या हिशेबात कुठेच नव्हता. व्हॅनमधली जागा बहुतेक मुलांचीच होती. ब्लॅक फ्लॅगची बासवादक किरा रोसलर १९८३ ते १९८५ दौरे करता करता विद्यापीठातली पदवीही पुरी करत होती. तिच्यासारख्या किती जणी त्या गाडीत बसू शकल्या असत्या? हॉलमध्ये पुढे उभं राहायला मुलींना जागा मिळावी यासाठीही पुढे वेगळी चळवळ उभी राहावी लागली. हे सगळं कबूल. पण यातून काटकसरीचा हिशेब अपुरा होता इतकंच ठरतं, तो खोटा होता असं नाही. अपुऱ्या हिशेबात राहिलेल्या रकमा भरता येतात. हालांचा हिशेबच नसतो, मग भरायचं कशात?

म्हणून लाइव्ह नेशनच्या १५०० डॉलरचं मी स्वागतच करतो, पण त्याला दौऱ्यांच्या प्रश्नावरचं उत्तर मानत नाही. ती मदत होती. कंपनीने दिली, कंपनी काढून घेऊ शकते. ज्यांना व्हॅनमधल्या बँडचा वारसा सांगायचा आहे त्यांनी आपण किती सोसलं हे सांगू नये, आपल्या सोसण्याने तिकीट कितीने उतरलं ते सांगावं. बँड फरशीवर झोपतो आणि तिकीट तरीही महागच राहतं, अशा दौऱ्यात नुसते हाल असतात. त्यांना परंपरा म्हणणं हा त्या पाच डॉलरवाल्यांवर अन्याय आहे, आणि आज फरशीवर झोपणाऱ्यांची फसवणूकही.