सत्तेचाळिसाव्या धाग्याचा दोष कुणाचा?

१५ जानेवारी २०१० ही तारीख आमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. आदल्या दिवशी संक्रांत झाली होती. त्या दिवशी किंक्रांत आणि त्यात भर दुपारी सूर्यग्रहण. ग्रहण म्हणून शाळा लवकर सुटली होती. मी सहा वर्षांची. घरी आले तीच भूक भूक करत. आई पाच महिन्यांची गरोदर होती. तिनं विळी घेतली आणि माझ्यासाठी दोन बटाटे चिरले.

मे महिन्यात धाकटा जन्मला. काही आठवड्यांनी रक्ताचा रिपोर्ट आला. डाऊन सिंड्रोम. आणि आजीला ते बटाटे आठवले.

‘गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरायचं नसतं’ हे तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल, ऐकून हसलाही असाल. आमच्याकडे तेव्हा कुणी हसलं नाही. आजी दुष्ट नव्हती. रात्र रात्र धाकट्याला मांडीवर घेऊन बसायची ती तीच. पण तिला कारण हवं होतं आणि कारण म्हणजे कुणाची तरी चूक, असंच ती शिकली होती. आई काही बोलली नाही. मी मात्र मनातल्या मनात हा हिशोब एक पायरी पुढे नेला. आईनं बटाटे चिरले, कारण मला भूक लागली होती.

हा हिशोब मी दहावीपर्यंत कुणाला न सांगता बाळगला.

दहावीच्या विज्ञानात सूत्री विभाजन भेटलं. पेशी विभागण्याआधी आपल्या गुणसूत्रांची नक्कल करून ठेवते. मग पूर्वावस्था: गुणसूत्रं आखूड, जाड होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागतात. प्रत्येक गुणसूत्र आता दोन जुळ्या धाग्यांचं असतं. मध्यावस्था: सगळी पेशीच्या मधोमध रांगेत येतात. पश्चावस्था: दोन टोकांकडून आलेले तंतू जुळ्या धाग्यांना ओढून वेगळं करतात. अंत्यावस्था: दोन्ही टोकांना नवी केंद्रकं तयार होतात. एका पेशीच्या दोन झाल्या, दोघींत ४६-४६ गुणसूत्रं. वॉल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञानं सॅलमँडरच्या पेशी रंगवून हे पाहिलं आणि १८८२च्या पुस्तकात सविस्तर मांडलं. ‘मायटोसिस’ हे नाव त्याचंच, धागा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेलं.

त्यानंतर अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे मायोसिस. बीजांड आणि शुक्रपेशी यातूनच तयार होतात. इथे एकामागोमाग एक दोन विभाजनं होतात. पहिल्यात आईकडून आणि वडिलांकडून आलेली गुणसूत्रं जोडीनं शेजारी येतात, आपसात तुकडे बदलतात आणि मग जोड्या फुटतात. दुसऱ्यात जुळे धागे सुटे होतात. ४६चे २३ होतात, म्हणजे दोघांचे मिळून पुन्हा ४६.

कधीकधी एखादी जोडी सुटतच नाही. दोन्ही गुणसूत्रं एकाच टोकाला जातात. ते २१वं गुणसूत्र असेल, तर बाळाच्या पेशींत त्याच्या दोनऐवजी तीन प्रती होतात. १९५९ साली पॅरिसमध्ये मार्थ गोतिए, जेरोम लेजन आणि रेमों त्युरपँ यांनी हे प्रसिद्ध केलं. जागतिक डाऊन सिंड्रोम दिन २१ मार्चला असतो तो याचमुळे: २१व्या गुणसूत्राच्या तीन प्रती, म्हणून एकविसावा दिवस, तिसरा महिना.

बारावीत मला सगळ्यात हलवून टाकलं ते वेळापत्रकानं. बाईच्या शरीरात हे विभाजन तिच्या स्वतःच्या जन्माआधीच सुरू होतं. मुलगी पोटात असतानाच तिच्या बीजांडपेशी पहिल्या विभाजनाच्या पूर्वावस्थेत शिरतात, जोड्या जुळतात आणि मग सगळं थबकतं. वर्षानुवर्षं. वयात आल्यावर दर महिन्याला साधारण एक पेशी पुढे सरकते, दुसऱ्या विभाजनाच्या मध्यावस्थेत पुन्हा थांबते आणि शुक्रपेशी भेटली तरच ते विभाजन पुरं होतं.

आई १९८२ची. ज्या बीजांडातून धाकटा झाला, त्याचं विभाजन तिच्या आईच्या पोटात सुरू झालेलं. मग दोष कुणाला द्यायचा? त्या आजीला? तिच्याही आईला? वय वाढतं तशी अशी शक्यता वाढते हे खरं. चाळिशीत ती साधारण शंभरात एक असते. पण आई अठ्ठावीसची होती, तिथे ती हजारात एकच्या आसपास. आणि काही मुलांत जास्तीचं गुणसूत्र वडिलांकडूनही येतं. दोषाचा धागा धरून मागे जात राहा, हाताला माणूस लागत नाही.

मी कागदावर आकृती काढून आईला हे समजावलं. “ग्रहणाच्या दिवशी त्याच्या पेशींत ४७ गुणसूत्रं होऊन पाच महिने झाले होते. विळीचा काही संबंध नाही. पेशीत झालेली ती एक चूक होती, बस.”

आईनं विचारलं, “चूक कोण?”

पलीकडच्या खोलीत धाकटा मोबाइलवर गाणं लावून नाचत होता.

मला उत्तर देता आलं नाही. आईला सोडवायला म्हणून मी त्यालाच चूक ठरवलं होतं. पुस्तकंही पेशीबद्दल बोलताना हाच शब्द वापरतात. पण चूक व्हायला कुणीतरी करणारा लागतो, काहीतरी ठरवलेलं लागतं. तंतू ठरवत नाहीत, ओढतात. आणि त्याच्या ४७मध्ये कुणाचा दोष नसेल, तर माझ्या ४६मध्ये माझं कर्तृत्व काय? माझी बारावी, माझी नोकरी, लोकांचं ‘हुशार हो मुलगी’ हे सगळं ज्यावर उभं आहे, ती जोडी माझ्या वेळी सुटली, एवढंच.

तेवीस जोड्यांतलं कोणतं गुणसूत्र पुढे जाईल, याच्या शक्यता ८३,८८,६०८ होतात. जवळजवळ चौऱ्याऐंशी लाख. हा निव्वळ योगायोग, पण आजीला सांगितलं तर ती म्हणाली, “बघ, आधीच सांगून ठेवलंय.” मी वाद घातला नाही. त्या दिवशी तिनं बटाट्यांचं नाव काढलं नाही, तेवढं पुरे होतं.

मग दोष कुणाचाच नाही म्हणजे कुणी काही करायला नको? इथे मी बराच काळ अडकले होते. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः काहीतरी दोष असतो, म्हणून त्याची तपासणी लवकर करायची असते. आमच्या घरात पहिले कित्येक महिने ग्रहणाची शांत आणि नवस यांत गेले. धाकट्याचा इको उशिरा झाला. सुदैवानं निभावलं. पण दोषी शोधणारं घर मागे बघत बसलं होतं आणि बाळ समोर होतं, हे मी विसरू शकत नाही. कारण शोधणं हे विज्ञानाचं काम. जबाबदारी मात्र मागे वळून सापडत नाही. ती, आता हात कोण पुढे करतो, यावर ठरते.

शेवटी मी आईला माझा जुना हिशोबही सांगितला. भुकेचा. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तुला भूक लागली होती, मी चिरले. आज लागली तर आजही चिरेन. एवढी वर्षं हे घेऊन बसलीस?”

धाकटा आता पंधरा वर्षांचा आहे. दरवर्षीच्या तपासणीच्या फाइलवर आईबाबांच्या नंबरांखाली तिसरा नंबर लिहायची जागा असते. यंदा तिथे मी माझा लिहिला.