वाट खुंटलेला प्रवासी
सूरह तौबाच्या 60व्या आयतीत जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत वाटसरूही आहे. तो स्वतःच्या घरी श्रीमंत असला तरी परमुलखात त्याची वाट खुंटली, एवढे कारण फिकहच्या जाणकारांनी पुरेसे मानले.

मार्च 2020 मध्ये विमाने थांबली आणि अशीच वाट खुंटली. पर्यटक व्हिसावर आलेले, तबलीगशी संबंधित परदेशी पाहुणे अहमदनगर जिल्ह्यातील मशिदींत अडकले. धर्मप्रचार करून व्हिसाच्या अटी मोडल्या, टाळेबंदीचे आदेश जुमानले नाहीत, असे गुन्हे त्यांच्यावर दाखल झाले. आसरा देणारे विश्वस्तही सुटले नाहीत. व्हिसा हा करारच आहे. तो मोडणाऱ्याला ‘आपला’ म्हणून पाठीशी घालणे इस्लामला मान्य नाही. पण परतीची वाटच बंद असताना मशिदीत थांबणे हा करारभंग कसा? 21 ऑगस्ट 2020 रोजी औरंगाबाद खंडपीठाने (आपला जळगाव जिल्हाही त्याच्याच कक्षेत येतो) 29 परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. पिंप्राळ्यातही तेव्हा आपल्याला हायसे वाटले.

मात्र सूरह निसाच्या 36व्या आयतीत वाटसरूशी सद्वर्तनाची आज्ञा आहे, आणि तेथे त्याचा धर्म विचारलेला नाही. त्याच वर्षी 8 मे रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून पायी निघालेले ते वाटसरू आपल्याच भुसावळकडे येत होते. ते पोहोचले असते, तर आपल्यापैकी किती दारे उघडली असती?