विरघळायचं कुठे आणि केव्हा

हिवताप विकोपाला गेला की गोळी देऊन भागत नाही. रुग्ण बेशुद्ध असतो, त्याला झटके येत असतात, नाहीतर पोटात घोटभर पाणीही टिकत नाही. फाल्सिपेरम जातीचा परोपजीवी इथवर पोचला की उपचाराचा हिशोब तासांत करावा लागतो आणि औषध थेट रक्तात जावं लागतं. रक्ताचा द्रवभाग बहुतांशी पाणी, आणि हिवतापावरची आजची सर्वांत गुणकारी औषधं नेमकी पाण्याशी फटकून राहणारी. त्यांची इंजेक्शनं कशी घडली हे पाहताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. औषध विरघळतं की नाही, हा अर्धाच प्रश्न असतो. ते कुठे विरघळावं आणि केव्हा, हे ठरवण्यात सगळं कौशल्य आहे, आणि रुग्ण वाचतो की दगावतो हेही पुष्कळदा त्यावरच ठरतं.

उदाहरण आर्टेमिसिनिनचं घेऊ. चीनने १९६७ मध्ये ‘५२३’ या नावाने हिवतापावरच्या औषधांचा गुप्त प्रकल्प सुरू केला. त्यात तू योयो यांच्या गटाला छिंगहाव या वनस्पतीच्या अर्काचा गुण कधी येई, कधी येत नसे. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या वैद्यकग्रंथात ही वनस्पती पाण्यात भिजवून तिचा रस पिळून घ्यायला सांगितलं होतं; उकळण्याचा उल्लेख नव्हता. त्यावरून उष्णतेने गुण जात असावा असं योयो यांना वाटलं, आणि १९७१ मध्ये त्यांनी अगदी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं. गुण टिकला, आणि त्याच अर्कातून पुढे आर्टेमिसिनिन वेगळं काढता आलं. २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

ईथरमध्ये रमणारा हा रेणू पाण्याशी का जमवून घेत नाही? त्याची बांधणी कार्बन-हायड्रोजनच्या बंदिस्त पिंजऱ्यासारखी आहे, आणि पाण्याच्या रेणूंना धरायला जागा त्यात फारशी नाही. पिंजऱ्यात दोन ऑक्सिजन अणूंचा एक पूल आहे. परोपजीवी आपलं हिमोग्लोबिन पचवतो तेव्हा लोहयुक्त हीम मोकळं होतं. त्या लोहाने हा पूल तुटतो आणि त्यातून निघालेले अतिक्रियाशील तुकडे परोपजीवीलाच मारतात. म्हणून रेणूत काहीही फेरफार करा, पूल शाबूत राहिलाच पाहिजे.

विरघळण्याचा प्रश्न किती बिकट आहे हे आकड्यांतच दिसतं. एक लिटर पाण्यात आर्टेमिसिनिन जेमतेम ५० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतं. या कुळातल्या औषधाचा ५० किलो वजनाच्या माणसाला लागणारा एक डोस १२० मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे निव्वळ पाण्यातून द्यायचं तर एका वेळी दोन लिटरहून जास्त द्रव शिरेत सोडावा लागेल. गंभीर हिवतापाच्या प्रौढ रुग्णाला जास्त सलाईन चढलं तर फुप्फुसांत पाणी साचतं. औषध पोचवण्याच्या खटपटीत रुग्ण गमावण्याचीच ही वाट.

शास्त्रज्ञांनी आर्टेमिसिनिनपासून प्रथम डायहायड्रोआर्टेमिसिनिन बनवलं. पूल जागच्या जागी राहिला आणि दुसरीकडे एक हायड्रॉक्सिल गट मिळाला, ज्याला हवं ते जोडता येतं. तिथून दोन वाटा फुटल्या.

पहिली वाट तेलाची. शांघायमध्ये त्या गटाला मिथाइल जोडून आर्टेमेथर तयार झालं. ते तेलात चांगलं विरघळतं, म्हणून शेंगदाण्याच्या तेलात मिसळून स्नायूत टोचायचं इंजेक्शन झालं. आपल्याकडे लखनऊच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने याच वाटेने आर्टीथरचं इंजेक्शन विकसित केलं. रोज एक सुई, शीर शोधायची नाही, ऐन वेळी काही मिसळायचं नाही: छोट्या दवाखान्याला ही सोय फार मोठी.

पण ते विरघळलं कुठे? कुपीत, तेलात. शरीरात शिरल्यावर त्याला तेल सोडून स्नायूभोवतीच्या पाणीदार द्रवात यायचं असतं, आणि ते पाणी त्याला नकोसं असतं. त्यामुळे औषध रक्तात हळूहळू उतरतं, कुणात लवकर, कुणात उशिरा. ज्या रुग्णाचा रक्तदाब कोसळला आहे, ज्याचे हातपाय थंड पडले आहेत, त्याच्या स्नायूंत रक्तच कमी फिरतं. म्हणजे ज्याला औषधाची घाई सर्वांत जास्त, त्याच्याच मांडीत ते अडकून पडण्याची भीती. १९९६ मध्ये गांबियातली मुलं आणि व्हिएतनाममधले प्रौढ यांच्यावरच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्विनाइनच्या तुलनेत आर्टेमेथरने मृत्यू ठामपणे कमी झाल्याचं त्यांत दिसलं नाही. परोपजीवी मारण्यात हा रेणू क्विनाइनपेक्षा वेगवान असूनही असं घडलं. याला तेलाची संथ चाल बऱ्याच अंशी कारणीभूत असावी, असं मला वाटतं.

दुसरी वाट ग्वेलिन शहरातल्या औषध कारखान्यात सापडली. तिथे लिऊ शू यांनी १९७० च्या दशकात त्याच हायड्रॉक्सिल गटाला सक्सिनिक आम्लाचं एक टोक जोडलं आणि दुसरं मोकळं ठेवलं. हे आर्टेसुनेट. गंमत अशी, की तेही साध्या पाण्यात नीट विरघळत नाही. मात्र त्याचं मोकळं टोक आम्लाचं असल्यामुळे थोडा अल्कली मिळाला की त्याचा सोडियम क्षार होतो आणि तो पाण्यात सहज जातो.

मग कारखान्यातच विरघळवून कुपीत का भरत नाहीत? कारण सक्सिनिक आम्लाचं जोडलेलं टोक पाण्यात हळूहळू सुटू लागतं. ज्या जोडणीने त्याला विरघळण्याची सोय दिली, तीच त्याला नाजूक करते. म्हणून कुपीत कोरडी पूड राहते, ६० मिलिग्रॅम, आणि सोबत १ मिलिलिटर ५ टक्के सोडियम बायकार्बोनेटची वेगळी अ‍ॅम्प्यूल. सिस्टरने तो द्रव पुडीत घालायचा, द्रावण नितळ होईपर्यंत हलवायचं, आतला कार्बन डायऑक्साइड सुईवाटे बाहेर जाऊ द्यायचा. शिरेतून द्यायचं तर ५ मिलिलिटर सलाईन किंवा डेक्स्ट्रोज, स्नायूत द्यायचं तर २, आणि तासाभरात टोचून मोकळं व्हायचं. साधं पाणी वापरायचं नाही, सलाईनच्या बाटलीत मिसळून थेंबथेंब सोडायचंही नाही. औषध बनवण्याची शेवटची पायरी अशी कारखान्यातून उचलून खाटेशेजारी आणली गेली आहे. भामरागडसारख्या, पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने तुटणाऱ्या तालुक्यात रात्रपाळीला एकटी असलेली सिस्टर ही पायरी पार पाडते, तेव्हा ती औषधनिर्मितीच करत असते. तिच्या प्रशिक्षणावर खर्च होणारा वेळ मला म्हणूनच संशोधनाइतका मोलाचा वाटतो. हे टप्पे कमी करण्यासाठी एकाच द्रावकात विरघळणारं आर्टेसुनेटही आता आलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये त्याला पूर्वमान्यता दिली.

रक्तात गेल्यावर तोच नाजूकपणा उपयोगी पडतो. काही मिनिटांत रक्तातली विकरं सक्सिनिक आम्लाचं टोक तोडतात आणि डायहायड्रोआर्टेमिसिनिन मोकळं होतं, तेच मुख्य मारेकरी. तेही पाण्यात कमीच विरघळणारं; पण आता ते साऱ्या रक्तात पसरलेलं असतं, प्रथिनांना धरून असतं, म्हणून साका होऊन खाली बसत नाही. कुपी, सिरिंज, रक्त: प्रत्येक ठिकाणी रेणूचं रूप त्या जागेला साजेसं.

२००५ मध्ये बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमारमधल्या १,४६१ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. आपल्याकडून राउरकेला तिच्यात होतं. क्विनाइन घेतलेल्यांत २२ टक्के दगावले, आर्टेसुनेट घेतलेल्यांत १५ टक्के. २०१० मध्ये आफ्रिकेतल्या ५,४२५ मुलांत हेच प्रमाण १०.९ आणि ८.५ टक्के दिसलं. व्हिएतनाममध्ये आर्टेसुनेट आणि आर्टेमेथर थेट समोरासमोर ठेवलेल्या ३७० प्रौढांच्या चाचणीत ७ आणि १३ टक्के मृत्यू झाले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक अगदी काठावरचा आहे, हे सांगायलाच हवं. तरी दोन्ही औषधं शरीरात एकाच सक्रिय रेणूचा पुरवठा करतात, हे लक्षात घेतलं की तो आकडा मनातून जात नाही.

आता याच विचाराची दुसरी बाजू. अ‍ॅटोव्हाकोन हेही हिवतापावरचं औषध, इतकं पाणीद्वेष्टं की त्याची गोळी स्निग्ध अन्नासोबत घ्यायला सांगतात. लिव्हरपूल आणि जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी त्याला विरघळवण्याचा नाद सोडला. त्याचे अतिसूक्ष्म घन कण करून ते उंदरांच्या स्नायूंत टोचले. कण आठवडे न् आठवडे झिजत राहिले, आणि २८ दिवसांनी संसर्ग घडवून पाहिला तरी ते उंदीर सुरक्षित राहिले, असं त्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. आर्टेमेथरच्या बाबतीत जी संथ गती बेशुद्ध रुग्णाच्या मुळावर येऊ शकते, तीच इथे निरोगी माणसाला पावसाळाभर राखण्याची आशा देते. मात्र असं इंजेक्शन माणसाला द्यायचं तर अटी कडक आहेत. एकदा टोचलेले कण परत काढता येत नाहीत, म्हणजे त्रास झाला तर औषध थांबवण्याची सोय नाही. आणि साठा संपत येताना औषधाची पातळी खालावते, त्या शेवटच्या दिवसांत डास चावला तर परोपजीवी मरण्याऐवजी औषधाला सरावू शकतो. विरघळणं सुरू केव्हा व्हावं याचं उत्तर सापडू लागलं आहे. ते संपावं केव्हा, यावर आता काम करावं लागणार आहे.