रस्ता कोणाच्या हातचा?

महाबळेश्वरचे काही जुने रस्ते कैद्यांच्या हातचे आहेत. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना वाईकडचे खंडाळा गाव देऊन कंपनी सरकारने 1829 मध्ये हा डोंगर घेतला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाने माल्कम पेठ वसली. सिंगापूर-पिनांगकडच्या इंग्रजी अमलात शिक्षा झालेले सुमारे 120 चिनी आणि मलायी कैदी इथल्या तुरुंगात आणले गेले. 1834 ते 1864 अशी तीस वर्षे तो तुरुंग चालला. कैद्यांनी रस्ते बांधले, बटाटे आणि भाज्या पिकवल्या. साहेबांची हवापालट सुखाची झाली, ती मायदेश तुटलेल्यांच्या कष्टांवर. त्याच सरकारने 1839 मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला धाडले.

या इंग्रज राज्यकर्त्यांच्या शिक्षणात लॅटिनला मानाचे पान होते आणि साम्राज्य म्हटले की त्यांच्यासमोर रोम उभा राही. रोमनांचा प्रसिद्ध अ‍ॅपियन मार्ग इ.स.पू. 312 मध्ये बांधायला घेतला गेला. इ.स.पू. 71 मध्ये स्पार्टाकसचे गुलामांचे बंड मोडल्यावर सुमारे 6000 बंडखोरांना कापुआ ते रोम याच वाटेच्या कडेने क्रुसावर चढवले. आरोप करणाऱ्यानेच तो सिद्ध करावा, हे तत्त्व रोमन कायद्याचे. गुलामाची साक्ष छळ करूनच घ्यावी, हा नियमही त्याच कायद्याचा. गुलामही माणूसच, असे लिहिणारा तत्त्वज्ञ सेनेका स्वतः गुलामांचा धनी होता.

म्हणून ‘रोमन सुसंस्कृत की क्रूर’ या प्रश्नातला ‘की’ फसवा आहे. रस्ता आखणारी शिस्तच क्रूसही ओळीने उभे करते. संस्कृतीने क्रौर्य आपोआप सरत नाही; पुष्कळदा ते नियमात बसते, आणि नियमात बसले की डोळ्यांना खुपत नाही.

ही कसोटी परक्यांपुरती ठेवून भागत नाही. कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम स्त्रियांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी पेशवाईच्या दप्तरांतही आहेत, आणि तो काळ विद्येला मान देणाराच होता. समाजाची उंची त्याच्या इमारतींवरून आणि ग्रंथांवरून मोजली जाते. ज्याला दाद मागायला जागा नव्हती, त्याला त्या समाजाने कसे वागवले, हे माप त्या मापाशेजारी ठेवले तरच हिशेब पुरा होतो.